आड आणि ग्रीड

परिचालक : गुरुजी, मी सरळच सांगतो. आपल्या वाटूर गावाची वेबसाइट वाटूरनंच चालवावी. पत्ता आपण विकत घ्यावा, जागा आपण भाड्यानं घ्यावी, पानं आपण लिहावीत, आणि बिघडलं तर आपणच दुरुस्त करावं. वर्षाकाठी काही हजारांत भागतं. तुम्हाला वाटंल, पोराला नवीन खेळणं हवंय. तसं नाही. ग्रामपंचायतीत, ज्याच्यावर आपला कसलाच ताबा नाही अशा यंत्रापुढं रोज बसून मी हे बोलतोय. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, आठवतं ना? ३१ जुलै शेवटची तारीख. परिचालक काय, सेवा केंद्रवाले काय, सगळ्यांपुढं रांगा, आणि पडद्यावर ते चक्र फिरतंय. शेवटी मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पण त्या दिवसांत रांगेतला माणूस शिव्या दिल्ली-मुंबईला देत नव्हता, समोरच्याला देत होता. सर्व्हर कुठं आहे, कशानं अडकलाय, कधी निघंल, यातलं समोरच्याला काही माहीत नसतं. ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच म्हणायचं, आणि त्या वाक्याचाच मला पगार मिळतो असं गाव म्हणतं. निदान गावाच्या पानापुरतं तरी मला असं म्हणता यावं, की थांबा काका, बघतो, अर्ध्या तासात करतो.

गुरुजी : तुझा त्रास खरा आहे, पण तू तो चुकीच्या दाराशी मांडतोयस. पीकविमा म्हणजे व्यवहार. लाखो लोक एकाच रात्री एकाच खिडकीवर आले की खिडकी अडणारच. गावाची वेबसाइट म्हणजे फलक. तो वाचायला एका वेळी दहा माणसं आली तरी जत्रा. तेव्हा गर्दीचं कारण सोड. मला तुझ्या वाक्यातला एकच शब्द खटकतो, ‘आपण’. आपण म्हणजे कोण? सरपंच पाच वर्षांचा. ग्रामसेवक, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, बदलीचा. आणि तू? रागावू नकोस. २०११ला ग्रामपंचायतींच्या संगणकांसाठी संग्राम आलं, परिचालक आले. २०१५ संपता संपता संग्राम बंद. २०१६ला आपले सरकार सेवा केंद्र आलं. मधल्या काळात पोरं मोर्चे काढत होती. आजही तुझं मानधन महिन्याच्या महिन्याला येतं का? उद्या चाकणला बरी नोकरी लागली तर तू जाशील, आणि जावंसही. मग ‘आपण’मधलं राहिलं कोण?

मी एका शाळेत हे बघितलंय. नाव घेत नाही. एका हौशी सरांनी सुट्टीत बसून वेबसाइट बनवली. देखणी होती. पत्ता त्यांनी स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या पैशानं घेतला. कुणी मागितली नाही म्हणून पावतीही दिली नाही. सरांची बदली झाली. नूतनीकरणाची सूचना त्यांच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, तो ते उघडेनात. मुदत टळली, पत्ता मोकळा झाला, कुणीतरी उचलला. पुढं त्यावर रमीची जाहिरात दिसायला लागली. शाळेच्या लेटरहेडवर मात्र तोच पत्ता, कारण लेटरहेड हजार छापले होते.

परिचालक : ही चूक स्वतः चालवण्याची नाही गुरुजी, नोंद न ठेवण्याची आहे. शाळेची जमीन सरांच्या नावावर घेतली असती तर तुम्ही जमीन घेण्यालाच नावं ठेवली असती का? ग्रामपंचायतीत नमुना १ ते ३३ आहेत. रोकडवहीला नमुना, घरपट्टीच्या आकारणीला नमुना ८. खुर्चीची नोंद होते, पंख्याची होते. पण गावाच्या नावाचा पत्ता कुणाच्या खात्यात आहे, कधी संपतो, कोणत्या ईमेलवर सूचना येते, याची नोंद कुठंय? चौतिसावा नमुना करा. दरवर्षी एका ग्रामसभेत तो वाचून दाखवा. मग मी चाकणला गेलो काय आणि वाटूर फाट्यावर हॉटेल टाकलं काय, सारखंच.

आणि वरून मिळणाऱ्या वेबसाइटचं काय होतं ते बघा. जिल्ह्यांची संकेतस्थळं केंद्र सरकारच्या एनआयसीच्या साच्यावर आहेत. मी त्याला नावं ठेवत नाही. जिल्ह्याला तो साचा शोभतो : जिल्ह्याविषयी, विभाग, निविदा, पर्यटन. पण तोच साचा गावावर बसवा. ‘पर्यटन स्थळे’ या रकान्यात वाटूरनं काय भरायचं? फाटा? जालना-मंठा रस्ता आणि परतूरचा रस्ता जिथं भेटतात तिथं चहा बरा मिळतो, एवढंच ना? आणि गावाला जे रोज लागतं, म्हणजे कोणत्या आळीला पाणी कधी सुटणार, टँकर आला का, रोहयोचं मस्टर निघालं का, आकारणीवर हरकत घ्यायची मुदत कधी, त्याला रकानाच नाही. साचा ज्यानं केला त्याला हे प्रश्नच पडलेले नसतात.

गुरुजी : नोंदीचं तुझं म्हणणं मला पटलं. साच्याचंही बरंचसं. पण तू खर्चात काही हजार रुपये धरलेस आणि रखवाली धरलीच नाहीस. तुझी वेबसाइट कशावर बसवणार? वर्डप्रेस ना? आणि त्याला दहा-बारा प्लगइन. गॅलरीला एक, फॉर्मला एक, मराठी तारखेला एक. त्यातलं एखादं करणारा दोन वर्षांनी कंटाळतो, दुरुस्त्या थांबतात. वाटूरशी कुणाचं वैर नाही. वाटूर कुठं आहे हे त्या चोराला ठाऊकही नाही. त्याचं यंत्र जगातल्या सगळ्या दारांच्या कड्या रात्रभर वाजवत फिरतं, जी सैल लागेल ती उघडतं. आत शिरल्यावर तो दंगाही करत नाही. तुला मुखपृष्ठ जसंच्या तसं दिसतं. फक्त गुगलला दाखवायला आत जुगाराची शेकडो पानं लावलेली असतात. सरकारी आणि शिक्षणसंस्थांच्या पत्त्यांवर असं घडल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. तुला ते कळणार कधी? कुणी पाहुणा पुण्याहून फोन करील तेव्हा.

गावाच्या भाषेत सांगतो. आडाचं पाणी गोड. पण त्यात जंतू मारायची टीसीएल पावडर कोण टाकणार? रोज टाकायची, मोजून टाकायची, आणि टाकली नाही तरी सहा महिने काहीच होत नाही. म्हणूनच ती राहून जाते. वरच्या यंत्रणेत निदान हे कुणाचं तरी काम असतं. एनआयसीच्या जागेवर चढायचं तर आधी सुरक्षा तपासणीचा दाखला लागतो. सायबर सुरक्षेचं बघणाऱ्या सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२चा आदेश बघ : घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, आणि यंत्राच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. सरकारी संस्थाही त्यात आल्या. तू त्या दिवशी मामाच्या पोराच्या लग्नाला मेहकरला गेलेला असशील.

परिचालक : टीसीएलचं बरोबर. पण ग्रीडचं पण बघा की. आपल्या परतूर-मंठ्याकडं ग्रीड योजना आली, चांगलंच झालं. पण मूळ लाइन फुटली की एका गावाचं नाही, ओळीनं गावांचं पाणी जातं. आणि ग्रीड आली म्हणून ज्यांनी आड बुजवले ते घागर घेऊन जाणार कुठं? दक्षिण कोरियात काय झालं ऐकलंत का? २६ सप्टेंबर २०२५, देजॉन शहर. सरकारच्या डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. एका आगीनं सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद. कर्मचाऱ्यांनी आपापल्या संगणकावर न ठेवता सरकारी साठ्यातच फायली ठेवाव्यात अशी तिथं शिस्त होती. तो साठाच जळाला. ८५८ टेराबाइट. बाहेर दुसरी प्रतच नव्हती. कोरिया म्हणजे काय, परतूर तहसील नव्हे. एवढ्या हुशार लोकांनी एका छपराखाली सगळं ठेवलं.

गुरुजी : आणि त्याच आगीतून तू उलटा धडा काढतोयस. ज्यांच्या प्रती दुसरीकडं होत्या त्या यंत्रणा हळूहळू उभ्या राहिल्या. गेला तो प्रत नसलेला साठा. म्हणजे प्रश्न एका छपराचा नाही, दुसऱ्या प्रतीचा आहे. बरं, तू परदेशात गेलास, मी दिल्लीला जातो. नोव्हेंबर २०२२, एम्स. तिथले सर्व्हर कुणीतरी कुलूपबंद केले आणि देशातलं एवढं नावाजलेलं रुग्णालय जवळपास दोन आठवडे कागद-पेनावर चाललं. संसदेत कारण काय सांगितलं? जाळ्याची नीट विभागणी केलेली नव्हती. ती विभागणी करायची होती संस्थेनंच, आपल्या घरात. एवढे पैसे, एवढी माणसं असून घरची व्यवस्था त्यांना झेपली नाही. तुझ्याकडं एक इन्व्हर्टर आहे आणि त्याची बॅटरी मागच्या मार्चपासून उतरलेली आहे. आता खरं सांग, आज ग्रामपंचायतीच्या संगणकातल्या फायलींची दुसरी प्रत कुठं आहे?

परिचालक : पेन ड्राइव्हमध्ये.

गुरुजी : आणि पेन ड्राइव्ह?

परिचालक : संगणकालाच लावलेला असतो. हसू नका. ठीक आहे, हरलो म्हणा. पण त्यातूनच मला एक गोष्ट सुचते. आपण दोघं ‘वेबसाइट’ असा एकच शब्द वापरतोय आणि म्हणून भांडतोय. त्या शब्दात तीन वस्तू आहेत. एक पत्ता, म्हणजे नाव. दोन, मजकूर. तीन, यंत्र. या तिघांची मालकी एकाच हातात असावी असं कुणी सांगितलंय? टीसीएल टाकायची ती यंत्रात. ते खुशाल वरच्यांनी सांभाळावं. पत्ता मात्र गावाच्या नावावर हवा. २०१४ला ‘.भारत’ देवनागरीत आलं तेव्हापासून तो मराठी अक्षरांत पण घेता येतो, इंग्रजी स्पेलिंगवरून भांडण नको. आणि मजकूर साधा हवा. प्लगइन नाही, डेटाबेस नाही; नुसती पानं. शंभर पानं, दोनशे फोटो. पूर्ण वेबसाइट पेन ड्राइव्हवर मावते. म्हणजे वरच्यांनी उद्या भाव वाढवला, साचा बदलला, योजनाच गुंडाळली, तर आपण पानं उचलायची, दुसऱ्या यंत्रावर ठेवायची, आणि पत्ता तिकडं वळवायचा. बाहेरच्याला पत्ता तोच. यंत्र भाड्याचं, घर आपलं. साधं पान फोडायला चोरालाही फार फटी सापडत नाहीत.

आणि मजकूर साधा म्हणजे युनिकोड, बरं का. जुन्या संगणकात कृतिदेवमध्ये, सुरेखमध्ये लिहिलेले ठराव आहेत. तो फॉन्ट नसला की अगम्य अक्षरं दिसतात. आपल्याच ग्रामसभेचा ठराव आपल्याला वाचता येत नाही. यंत्र आपलं होतं, फाइल आपली होती, तरी मजकूर गेला. म्हणजे ताबा म्हणजे नुसती किल्ली नव्हे, हे मलाही कळतंय.

गुरुजी : आता तू बोलण्यासारखं बोललास. हे तीन तुकडे मी मान्य करतो. तरी एक अडचण राहते, आणि ती यंत्राची नाही. तू सारखा धरून चाललायस की धोका बाहेरून आहे : चोर, आग, दिल्ली. गावातून असला तर? माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५चा. त्याच्या कलम ४ मध्ये सतरा बाबी आहेत, ज्या कुणी न मागता संस्थेनं जाहीर करायच्या. अंदाजपत्रक, लाभार्थी, सवलती कुणाला दिल्या, निर्णय कसे घेतले. तुझ्या त्या साध्या पानांवर घरकुलाची यादी चढली. एका माणसाला ती नको आहे, आणि तो माणूस सरपंचाचा भाऊ आहे. रात्री नऊला तुला फोन आला, ‘अरे, ते पान जरा काढ, उद्या बघू’. तू काढशील की नाही? किल्ली तुझ्या खिशात आहे, मानधनाचं बिल सरपंचाच्या सहीनं निघतं. आणि साधं पान काढणं किती सोपं, तूच सांगितलंस. मागं खूणही राहणार नाही.

उलट केंद्राचं ई-ग्रामस्वराज पोर्टल बघ. २४ एप्रिल २०२०ला सुरू झालं. वित्त आयोगाचे पैसे कोणत्या कामाला, किती, हे तिथं दिसतं. गावच्या कारभाऱ्याला आवडो न आवडो. ते कुरूप आहे, मान्य. पण सरपंचाच्या भावाला ते रात्री नऊला पुसता येत नाही. तेव्हा तू ज्याला गावाचं स्वातंत्र्य म्हणतोस ते गावाचं आहे, का गावच्या कारभाऱ्यांचं?

(एक कबुली. हा संवाद मांडायला बसलो तेव्हा माझा कल उघड परिचालकाकडे होता. स्वतःचं ते स्वतःचं, असं शिकलेल्या माणसाला वाटतंच. गुरुजींचा हा प्रश्न लिहून झाल्यावर पेन थोडा वेळ खाली ठेवावा लागला. विद्यापीठात, रुग्णालयात, सहकारी संस्थेत जिथे जिथे ‘आमचा सर्व्हर आमच्याकडे’ असं अभिमानानं सांगितलं जातं, तिथे त्या ‘आमचा’मध्ये विद्यार्थी, रुग्ण, सभासद धरलेले असतात का, हे विचारायचं राहूनच जातं.)

परिचालक : काढीन. खोटं कशाला बोलू? काढीन आणि रात्री झोप येणार नाही. पण गुरुजी, वरच्यांना पान काढता येत नाही असं थोडंच आहे? त्यांना फोन करावा लागत नाही, इतकंच. नवं पोर्टल आलं की जुन्या लिंका मरतात, त्याला कुणी ‘दडवलं’ म्हणत नाही, ‘सुधारणा’ म्हणतात. आणि ई-ग्रामस्वराज दिसतं म्हणता, पण कुणाला? आराखडा, मंजुरी, व्हाउचर. आमच्या आत्याला त्यातून एवढंच हवंय की गल्लीतली नाली कधी होणार. ते पान दिल्लीच्या प्रश्नाचं उत्तर देतं : पैसे खर्च झाले का? नाली झाली का, हा गावाचा प्रश्न. पैसे खर्च होणं आणि नाली होणं या दोन गोष्टी आपल्याकडं दरवेळी एकाच दिवशी घडतात असं तुम्ही तरी म्हणणार नाही.

म्हणून हिशेब वर राहू द्या, जिथं आपला हात पोचत नाही. पण बोलणं इथं हवं.

गुरुजी : बोलणार कोण? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त अजून वहीत पुरतं उतरलेलं नाही, आणि तू सर्व्हरवर भांडतोयस. माझं ऐकशील तर आधी तीन महिने कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिही. पाण्याची वेळ, मस्टर, हरकतीची तारीख, सगळं रोज, न चुकता. तीन महिने टिकलास तर पुढचं बोलू. होस्टिंग काय, कुठूनही मिळेल.

परिचालक : फळा गावात असलेल्यांसाठी असतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसं फाल्गुनापर्यंत फळा कसा वाचणार? पुण्या-चाकणला, संभाजीनगरला वाळूजला असलेली पोरं? आकारणीची नोटीस लागते, हरकतीची मुदत संपते, आणि माणूस कारखान्याच्या फडात असतो. वेबसाइट गावातल्यांना नकोच आहे, बाहेर गेलेल्यांना हवी आहे.

गुरुजी : त्यांना ते आजही कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर.

परिचालक : तेच तर! आपण तासभर वाद घालतोय की गावाचं पान दिल्लीच्या यंत्रावर असावं का आपल्या. ते आजच अमेरिकेतल्या एका कंपनीच्या यंत्रावर आहे. ग्रामपंचायतीची प्रत्येक सूचना त्या ग्रुपवर जाते. ग्रुपचा अ‍ॅडमिन माजी उपसरपंच. ज्यानं त्याला वाकडं विचारलं तो ग्रुपच्या बाहेर. मागच्या पावसाळ्यातली सूचना शोधायची तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलेली. कुणी तपासणी केली नाही, दाखला घेतला नाही, ठराव घेतला नाही. तुमचा सहा तासांचा आदेश कुठं, आणि माझा चौतिसावा नमुना कुठं? आपण दोघंही हरलेल्या लढाईत मोर्चे बांधतोय.

गुरुजी : हरलेली नाही, न लढलेली म्हण. ग्रुप लोकांनी निवडला कारण तिथं विचारलं की उत्तर येतं. चुकीचं का होईना, येतं. तुझ्या वेबसाइटवर येईलच असं नाही, आणि दिल्लीच्या पोर्टलवर तर येतच नाही. हे मला आज तुझ्याकडून कळलं. यंत्र कुणाचं, यापेक्षा फोन उचलतो कोण, हे लोक बघतात. आणि इथं तुझी बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे, कारण वरच्या हेल्पलाइनला वाटूर कुठं ते सांगायलाच पाच मिनिटं जातात.

बरं, चल. तुझी मांडणी घेऊ. यंत्र वरचं, पत्ता गावाचा, पानं साधी, हिशेब वरच्या पोर्टलवर. दुसरी प्रत दर महिन्याला शाळेत, कार्यालयाच्या छपराखाली नाही. घरकुलाची यादी एकदा चढली की तिची छापील प्रत त्याच दिवशी फळ्यावर, म्हणजे रात्री नऊला पुसायची तर दोन ठिकाणी पुसावी लागेल. ठराव मी लिहून देतो. पण पत्त्याच्या खात्याचा पासवर्ड? तुझ्याकडं एक. अधिकाऱ्याकडं एक.

परिचालक : आणि एक बंद पाकिटात.

गुरुजी : पाकीट कुठं?

परिचालक : कार्यालयाच्या कपाटात.

गुरुजी : कपाटाची किल्ली अधिकाऱ्याकडंच असते. त्यांची बदली झाली, चार्ज यादीत ‘पाकीट एक’ असं लिहिलं जाईल, आणि नवा माणूस ते उघडायलाही भिईल. सरपंचाकडं दिलं तर पुढच्या निवडणुकीला तेच भांडवल.

परिचालक : मग तुमच्याकडं राहू द्या. गावात तुमच्या शब्दाला कुणी ना म्हणणार नाही.

गुरुजी : मला पुढच्या महिन्यात एकाहत्तर लागतंय, बाबा. आणि डोळ्याच्या ऑपरेशनला जालन्याला जायचंय ते वेगळंच.